आंतोनी गाउदी व त्याची दगडांची खाण

परक्या शहरीं गेलेला प्रवासी प्रथम तेथील इमारती पाहतो. त्या बांधणाऱ्या माणसांची चौकशी करावयास त्यास सहसा सवड होत नाहीं. आम्हीही त्याच जातीचे प्रवासी. स्पेन देशाच्या ईशान्य भागीं, भूमध्य समुद्राच्या कांठीं, कातालोनिया प्रांताची राजधानी बार्सेलोना हें शहर आहे. तेथें आम्ही गेलों तें मुख्यतः एक घर पाहण्यासाठीं. हें घर म्हणजे राजवाडा नव्हे, किल्ला नव्हे, कीं देवालयही नव्हे. तळमजल्यावर दुकानें, पहिल्या मजल्यावर मालक आणि वरच्या मजल्यांवर भाडेकरूंचीं बिऱ्हाडें, अशी ती एक इमारत होती. भाड्याच्या इमारतीचें दर्शन घेण्यासाठीं देशोदेशींच्या लोकांनीं तिकिटें काढून रांगेंत उभें राहावें, हें आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटलें.

या घराचें नांव कासा मिला. म्हणजे मिला यांचें घर. परंतु बार्सेलोनाचे लोक त्यास ला पेद्रेरा, म्हणजे दगडांची खाण, असें म्हणतात. हें नांव आरंभीं थट्टेनें पडलें. पुढें थट्टा करणारे काळाच्या उदरांत गेले, नांव तेवढें राहिलें, आणि आतां तेंच नांव लोक अभिमानानें घेतात. ज्यानें हें घर बांधलें तो आंतोनी गाउदी. त्याचें चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गाउदी याचा जन्म २५ जून १८५२ रोजीं कातालोनियाच्या दक्षिण भागांत झाला. रेउस हें शहर आणि त्याच्या शेजारचें रिउदोम्स हें खेडें, हीं दोन्हीं गांवें त्याच्या जन्माचा मान आपल्याकडे घेतात. त्याचा बाप फ्रान्सेस्क हा तांबट होता. वाडवडिलांपासून घरांत तोच धंदा, आणि आईच्या माहेरींही तोच. पांच भावंडांपैकीं दोन बालपणींच वारलीं. आंतोनी हा सर्वांत धाकटा. त्यासही लहानपणीं संधिवातानें गांठलें. सांधे इतके दुखत कीं, कित्येक वेळां त्यास इतर मुलांप्रमाणें धांवतां खेळतां येत नसे. अशा वेळीं तो रिउदोम्सजवळील आपल्या मळ्यांतल्या घरीं राही. तेथें करावयाचें काय? बसल्या जागीं झाडाची फांदी खोडापासून कशी फुटते, गोगलगाईचा शंख कसा वळतो, पानाच्या शिरा कशा पसरतात, हें तासन् तास पाहावें. इतर मुलांनीं पायांनीं जें जग पालथें घातलें, तें या मुलानें डोळ्यांनीं घातलें.

दुसरी शाळा बापाच्या दुकानांत भरत असे. तांब्याचा सपाट पत्रा ऐरणीवर ठेवून बाप हातोड्यानें ठोकूं लागला म्हणजे पाहतां पाहतां त्यास पोट येई, गळा येई, कांठ येई. सपाट पत्र्याची पोकळ वस्तु कशी होते हें ज्ञान गाउदीस कागदावरील आकृतींपूर्वीं तांबटाच्या ऐरणीपाशीं मिळालें, आणि पुढें मोठेपणीं तो हें ऋण मोकळ्या मनानें कबूल करीत असे. ज्या लाटांसारख्या भिंती पाहावयास आज लोक येतात, त्यांचें मूळ या दुकानांत आहे.

रेउस येथील एका धर्मसंघाच्या शाळेंत त्याचें शिक्षण झालें. वर्गांत तो कांहीं विशेष चमकला नाहीं. मात्र त्या वयांत दोन शाळासोबत्यांसह त्यानें एक विलक्षण बेत केला. जवळच पोब्लेत येथें एक प्राचीन मठ मोडकळीस येऊन पडला होता. त्याचा जीर्णोद्धार आपण करावयाचा, असा या मुलांचा निश्चय! मुलांचे बेत मुलांचेच. ते तेथेंच राहिले. परंतु त्या सोबत्यांपैकीं एदुआर्द तोदा यानें पुढें म्हातारपणीं तें काम खरोखरच हातीं घेतलें, हें आमच्या विद्यार्थिवर्गानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१८६८ सालीं गाउदी बार्सेलोनास आला व पुढें स्थापत्यशास्त्र शिकूं लागला. घरची स्थिति बेताची. म्हणून शिकतां शिकतां तो इमारती बांधणाऱ्यांकडे नकाशे काढण्याचें काम करी. १८७६ सालीं घरावर मोठा घाला पडला. वैद्यकीची परीक्षा नुकताच उत्तीर्ण झालेला त्याचा वडील भाऊ वारला, आणि थोड्याच अवधींत आईही गेली. १८७८ मध्यें गाउदीस पदवी मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षीं त्याची बहीण रोसा मागें एक लहान मुलगी ठेवून मरण पावली. तेव्हांपासून म्हातारा बाप आणि ही पोरकी भाची यांचा भार गाउदीनें वाहिला. त्यानें स्वतः कधींच लग्न केलें नाहीं.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों, कारण पुढें तिचा संबंध आहे. तरुणपणीं हा तांबटाचा मुलगा पोषाखाच्या बाबतींत मोठा चोखंदळ होता. उत्तम शिवणीचे कपडे, मऊ हातमोजे, चांगली टोपी, नीट राखलेली दाढी, अशा थाटांत तो फिरे. बांधकाम पाहावयास गेला तरी गाडींतून जाई. शहराच्या नाटकगृहांत व मोठ्या लोकांच्या बैठकींत त्याची ऊठबस होती. त्या काळीं रस्त्यांत त्यास कोणी ओळखलें नसतें असें झालें नसतें.

पदवी मिळाली त्याच सालीं पॅरिस येथें मोठें प्रदर्शन भरलें होतें. हातमोज्यांच्या एका व्यापाऱ्यासाठीं गाउदीनें तेथें मांडण्याकरितां एक कांचेचें कपाट तयार केलें. तें कपाट एउसेबी गुएल नांवाच्या श्रीमंत कारखानदाराच्या नजरेस पडलें व त्यानें त्याच्या कर्त्याचा शोध काढला. यांतून जो स्नेह जडला तो १९१८ सालीं गुएल मरण पावेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, टिकला. गुएलसाठीं गाउदीनें शहरांत वाडा बांधला, टेकडीवर बाग रचली, आणि गिरणीकामगारांच्या वसाहतींत चर्च बांधावयास घेतलें. या चर्चचा आराखडा त्यानें ज्या रीतीनें केला ती ऐकण्यासारखी आहे. छतास दोऱ्या टांगून त्यांस शिशाच्या छऱ्यांनीं भरलेल्या लहान पिशव्या त्यानें बांधल्या. भारानें दोरी आपोआप एका विशिष्ट वळणानें लोंबते. त्या वळणाची छायाचित्रें घेऊन तीं उलटीं धरलीं म्हणजे जी कमान दिसते, ती तितकाच भार दगडविटांत पेलते; कारण लोंबत्या दोरींत जो केवळ ताण असतो, तो उलट्या कमानींत केवळ दाब होतो, आणि दगडवीट दाब सोसण्यास बळकट असते. असल्या प्रयोगांत त्याचीं सुमारें दहा वर्षें गेलीं. चर्चचा तळघराचा भागच काय तो पुरा झाला. पण त्या दोऱ्यांचें ज्ञान फुकट गेलें नाहीं, हें पुढें दिसेल.

आतां घराकडे वळूं. बार्सेलोनाचा नवा भाग सेर्दा नांवाच्या इंजिनियरानें १८५९ सालीं आंखून दिला. सरळ रस्ते, चौकोनी मोहल्ले आणि प्रत्येक चौकास कापलेले चार कोपरे, अशी ती रचना आहे. पट्टी धरून काढलेल्या या शहराच्या पासेज दे ग्रासिया नांवाच्या हमरस्त्यावर एका कोपऱ्यास हें घर उभें आहे. आजूबाजूच्या सर्व भिंती शिस्तीनें ताठ उभ्या असतां ही एकटीच भिंत समुद्राप्रमाणें हेलावतांना दिसते. दगडाची एक लाट पुढें येते, दुसरी मागें सरते; खिडक्या कड्यांतील कपारींप्रमाणें खोल; आणि सज्जांना लावलेलें लोखंड किनाऱ्यावर वाहून आलेल्या शेवाळासारखें गुंतलेलें. हे कठडे करण्यांत जुजोल नांवाच्या त्याच्या तरुण साहाय्यकाचा मोठा हात होता.

पेरे मिला नांवाचा एक धनिक व त्याची पत्नी रोसेर सेगिमोन यांनीं हें काम गाउदीस दिलें. या बाईचा पहिला नवरा अमेरिकेंत धन मिळवून परतलेला होता व त्याची संपत्ति तिच्याकडे आली होती. १९०६ सालीं काम सुरू झालें आणि १९१२ मध्यें संपलें. गाउदीनें धनिकांसाठीं बांधलेलें हें शेवटचें घर.

आम्ही आंत शिरलों. इमारतींत दोन मोठे चौक आहेत, एक वाटोळा व एक लंबवर्तुळ. त्यांतून उजेड व वारा खालपर्यंत उतरतो. तळघरांत मालकांच्या व भाडेकरूंच्या गाड्या ठेवण्याची सोय १९०६ सालींच योजिली होती. परंतु खरें नवल डोळ्यांस दिसत नाहीं. आपल्या समजुतीप्रमाणें घराचा भार भिंतींवर असतो. येथें तो भिंतींवर नाहींच. दगडाचे, विटांचे व लोखंडाचे खांब आणि त्यांवरील लोखंडी तुळया यांनीं सर्व मजले तोललेले आहेत. बाहेरची अवजड दिसणारी दगडी भिंत स्वतःचेंच वजन सांभाळते व लोखंडानें मागील सांगाड्यास जोडलेली आहे. त्यामुळें आंतील भिंती पाहिजे तेथून काढाव्या व पाहिजे तेथें घालाव्या. एका मजल्यावरील बिऱ्हाडाची मांडणी दुसऱ्या मजल्याशीं जुळली पाहिजे असें बंधन नाहीं. जो मनुष्य बाहेरून लहरी दिसतो, तो आंतून किती हिशेबी असतो, याचें हें घर उत्तम उदाहरण आहे.

तरीही आम्हांस त्याची नुसती स्तुति करावयाची नाहीं. गाउदीचा स्वभाव हट्टी व तापट होता. त्याच्या वाटोळ्या खोल्यांत सरळ पाठीचें कपाट नीट बसत नसे, आणि याचें त्यास फारसें वाईटही वाटत नसे. खर्च वाढत गेला म्हणजे मालक चिंतेंत पडत, आणि तो मात्र उभी झालेली गोष्ट पाडून पुन्हां नव्यानें करावयास लावी. इमारतीचा एक खांब पदपथावर पुढें आला, उंची नियमापलीकडे गेली. नगरपालिकेनें हरकत घेतली. तो खांब मागें घ्यावयास गाउदी तयार होईना. अखेर डिसेंबर १९०९ मध्यें ही इमारत स्मारकाच्या योग्यतेची असल्यानें तीस नेहमींचे नियम काटेकोर लावूं नयेत, असा निर्णय झाला. वृत्तपत्रांतून तर व्यंगचित्रांचा पाऊस पडला. हें घर म्हणजे हवाई जहाजें ठेवण्याचा तबेला, असेंही एका चित्रकारानें दाखविलें.

याहून खोल घाव निराळाच होता. गाउदी आतां पूर्वींचा छानछोकी तरुण राहिला नव्हता. १८९४ सालच्या उपासकाळांत त्यानें इतका कडकडीत उपवास केला होता कीं, प्राणावर बेतलें होतें. त्याची भक्ति दिवसेंदिवस वाढत होती. या घराच्या माथ्यावर माता मरीयेची मोठी मूर्ति बसवावी, असें त्याच्या मनांत होतें. तिच्या प्रार्थनेचे शब्दही त्यानें वरच्या कंगोऱ्यावर कोरविले. इतक्यांत जुलै १९०९ उजाडला. मोरोक्कोंतील लढाईसाठीं गरिबांच्या घरांतील कर्ते पुरुष बोलावले गेल्यामुळें बार्सेलोनांत दंगल उसळली आणि आठवडाभरांत अनेक चर्चें व मठ जाळले गेले. घरावर मूर्ति दिसली तर जमाव घरही जाळील, अशी मालकांस धास्ती पडली व त्यांनीं मूर्तीस नकार दिला. मालकांची भीति अगदींच अनाठायीं होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण ज्यासाठीं सर्व केलें तेंच गळालें, असें गाउदीस झालें. पुढें मोबदल्याचा तंटा न्यायालयांत गेला व निकाल गाउदीच्या बाजूनें लागला. मालकांनीं तें देणें फेडलें, आणि गाउदीनें ती रक्कम स्वतःसाठीं न ठेवतां धर्मकार्यास देऊन टाकली.

आम्ही वर चढूं लागलों. छपराखालच्या माळ्यावर येतांच आमची पावलें थबकलीं. विटांच्या २७० कमानी एकीपुढें एक उभ्या आहेत. कोठें उंच, कोठें ठेंगण्या. एखाद्या महाकाय माशाच्या पोटांत शिरून आपण त्याच्या बरगड्या पाहत आहों, असा भास होतो. या त्याच कमानी, ज्या दोऱ्या टांगून व चित्र उलटें धरून गाउदी शिकला होता. आणि हा माळा कशासाठीं? कपडे धुण्यासाठीं व वाळत घालण्यासाठीं! येथें मालकीणबाई येत नसत, पाहुणे येत नसत. येथें धुणें घेऊन मोलकरणी येत.

माळ्यावरून गच्चीवर जावें, तों तेथें दुसराच देखावा. जिन्यांचीं तोंडें, हवा खेळविणारे मनोरे आणि धुराडीं यांना त्यानें असे आकार दिले आहेत कीं, शिरस्त्राणें घातलेले शिपाई गच्चीवर पहारा करीत उभे आहेत असें वाटावें. कोणाच्या अंगावर फुटक्या फरशांचे तुकडे, एकाच्या डोक्यावर तर फुटक्या बाटल्यांच्या कांचा. चुलीचा धूर बाहेर टाकणारें धुराडें हें घरांतील सर्वांत हलकें अंग. तें कोणी पाहत नाहीं, म्हणून कोणी सजवीतही नाहीं. गाउदीनें आपली सर्व कल्पकता त्यावर ओतली. श्रीमंताच्या दिवाणखान्याहून मोलकरणीच्या वाटेवर त्यानें अधिक मेहनत घेतली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. जेथें कोणाची नजर पोंचत नाहीं तेथेंही काम खरें असावें, हा त्या तांबटाच्या दुकानांतला धडा असावा. भांड्याचा तळ कोणास दिसत नाहीं, पण तळ कच्चा राहिला तर भांडें गळतें.

या गच्चीवर एक कमान आहे. तिच्यांतून पाहिलें असतां दूरवर सग्रादा फामीलिया, म्हणजे पवित्र कुटुंबाच्या चर्चचे मनोरे दिसतात. गाउदीच्या उरलेल्या आयुष्याची कथा त्या मनोऱ्यांपाशीं घडली. तें काम १८८२ सालीं दुसऱ्या एका स्थपतीनें सुरू केलें होतें. लवकरच तो सोडून गेला व १८८३ मध्यें एकतीस वर्षांच्या गाउदीकडे तें आलें. लोकांच्या देणग्यांवर उभारावयाचें हें चर्च. पैसा येईल तसें काम चाले व पैसा आटला म्हणजे थांबे. १९०९ सालीं त्यानें त्याच आवारांत कामगारांच्या व आसपासच्या गरिबांच्या मुलांकरितां एक लहानशी शाळा बांधली. पातळ विटांच्या भिंती नागमोडी, आणि छप्परही नागमोडी. वळणामुळें पातळ विटेस बळकटी आली आणि खर्च अगदीं थोडा लागला. पुढें १९२८ सालीं प्रसिद्ध स्थपति ल कॉर्ब्युझिए बार्सेलोनास आला असतां, एवढ्या सर्व भव्य कामांतून या शाळेचेंच छप्पर त्यानें आपल्या वहींत रेखाटून घेतलें.

१९०६ सालीं गाउदीचा त्र्याण्णव वर्षांचा बाप वारला; १९१२ मध्यें भाची गेली; १९१४ मध्यें त्याचा जिवलग सहकारी फ्रान्सेस्क बेरेंगेर गेला. घर रिकामें झालें. त्यानंतर इतर सर्व कामें सोडून गाउदीनें आपणांस सर्वस्वीं चर्चला वाहून घेतलें. निधि संपला म्हणजे तो स्वतः लोकांच्या दारीं जाऊन वर्गणी मागे. अंगावर जुना, विटलेला कोट, पायांत साधीं पायताणें, आहार अत्यल्प व शाकाहारी. अखेरच्या महिन्यांत तर तो चर्चच्या आवारांतील आपल्या कामाच्या खोलींतच राहावयास गेला. एके काळीं हातमोजे घालून गाडींतून उतरणारा तो तरुण आतां कोणासही ओळखूं आला नसता. चर्चचे सर्व मनोरे पाहावयास आपण जगणार नाहीं, हें त्यास पुरतें ठाऊक होतें. १९२५ च्या नोव्हेंबरांत एक घंटामनोरा तेवढा पुरा झालेला त्यानें पाहिला.

रोज सायंकाळीं काम संपवून प्रार्थनेसाठीं शहराच्या जुन्या भागांतील सांत फेलीप नेरी चर्चकडे पायीं जावें, असा त्याचा नेम होता. ७ जून १९२६ रोजीं तो असाच निघाला असतां ग्रान व्हिया या रस्त्यावर ट्रामगाडीचा त्यास जबर धक्का बसला व तो बेशुद्ध पडला. खिशांत ओळख पटविणारा कागद नाहीं, अंगावर भिकाऱ्याचे कपडे. लोकांनीं त्यास भिकारी समजून फारशी दखल घेतली नाहीं. भाड्याच्या मोटारी थांबेनात. रक्तानें माखलेला कंगाल म्हातारा गाडींत कोण घेणार? शेवटीं एका शिपायाच्या खटपटीनें त्यास रुग्णालयांत नेण्यांत आलें, आणि अखेर गरिबांसाठीं असलेल्या सांता क्रेउ रुग्णालयांत एका खाटेवर तो पडून राहिला. ज्या शहरांतील पांचसहा रस्त्यांची शोभा या मनुष्यानें वाढविली, त्या शहरास तो कोण हें त्या रात्रीं ठाऊक नव्हतें. तो परतला नाहीं म्हणून चर्चचा पुरोहित शोध करीत दुसऱ्या दिवशीं तेथें पोंचला, तेव्हां ओळख पटली. पण वेळ टळली होती. १० जून रोजीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, गाउदीनें देह ठेविला. १२ जूनला त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हां रस्त्यांच्या दुतर्फा लोकांची दाटी झाली होती. त्याच्याच चर्चच्या तळघरांत त्याचें दफन झालें.

गाउदी गेल्यावर त्याच्या घरासही वाईट दिवस आले. मालकीणबाईंनीं आपल्या मजल्याची सजावट काढून तेथें जुन्या फ्रेंच थाटाची केली. १९३६ सालीं यादवी युद्ध पेटलें, तेव्हां चर्चचें तळघर जाळण्यांत आलें व गाउदीनें मागें ठेवलेले नकाशे व प्लास्टरचे नमुने यांची राखरांगोळी झाली. शाळाही जळाली, ती मागाहून पुन्हां उभारण्यांत आली. १९५३ च्या सुमारास कासा मिलाच्या माळ्यावर कमानींखालीं लहान लहान तेरा बिऱ्हाडें काढण्यांत आलीं. परंतु काळाचें मन हळूहळू पालटलें. १९६९ मध्यें स्पेन सरकारनें या घरास राष्ट्रीय स्मारक ठरविलें. १९८४ मध्यें युनेस्कोनें त्याचा जागतिक वारशांत समावेश केला. १९८६ मध्यें एका बॅंकेनें तें विकत घेऊन त्याची डागडुजी केली आणि कमानी पुन्हां मोकळ्या केल्या. २०१० च्या ७ नोव्हेंबरला पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं सग्रादा फामीलिया चर्चचें पवित्रीकरण केलें, आणि १४ एप्रिल २०२५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं गाउदीस वंदनीय म्हणून जाहीर करण्यास संमति दिली.

हें सर्व मनांत घोळवीत आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलों. या रस्त्यावर फुटक्या पांढऱ्या फरशांनीं मढविलेलीं व वर दिव्यांचे खांब असलेलीं जुनीं बांकें आहेत. आंत जाण्यापूर्वीं आम्ही रांगेंत उभे होतों, तेव्हां त्यांपैकीं एका बांकावर मळकट कोट घातलेला एक म्हातारा बसला होता. त्यानें आमच्याकडे पाहिलें; आम्ही मान वर करून सज्जांचें लोखंड पाहूं लागलों. त्यास कांहीं मागावयाचें होतें, कीं कांहीं सांगावयाचें होतें, कीं तो नुसताच बसला होता, हें आम्हीं विचारलें नाहीं. आतां बाहेर आल्यावर आम्हीं तें बांक शोधलें. पण तेथें दुसरेच कोणी प्रवासी बसून आपापलीं छायाचित्रें पाहत होते.

तो म्हातारा गाउदीसारखा कोणी मोठा मनुष्य असेल असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. बहुधा तो नव्हताच. पण १९२६ सालीं ग्रान व्हियावर जे लोक बाजूनें निघून गेले तेही आमच्यासारखेच साधे, कामाच्या गडबडींत असलेले लोक होते. ते दुष्ट नव्हते. त्यांनीं केवळ कोट पाहिला. रस्त्यांत पडलेला मनुष्य मोठा निघाला म्हणून शहर हळहळलें. तो खरोखरच भिकारी निघाला असता तर कोणी हळहळलें असतें काय? गाउदीचें चरित्र वाचतांना आमच्या विद्यार्थिमित्रांनीं हा प्रश्न आपल्या मनाशीं एकदां विचारून पाहावा, एवढीच आमची विनंति आहे. आम्हांस तरी त्याचें उत्तर त्या दिवशीं समाधानकारक देतां आलें नाहीं.